निरोगी गटातली कुसुम

मुळ्यांच्या घरात आजारी माणसाची जागा एकच होती, मधल्या खोलीतली खिडकीखालची कॉट. आधी तिथे चिंतामणींच्या आई होत्या. सहा-सात वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्या गेल्या आणि वर्ष फिरायच्या आत ती कॉट चिंतामणींकडे आली. टपाल खात्यातली नोकरी अजून शिल्लक होती, वयही फार नव्हतं, पण संधिवाताने गाठलं. सकाळी उठलं की मूठ वळायची नाही. बोटांचे सांधे सुजून लाल व्हायचे, पावलं जमिनीला टेकववत नसत. रत्नागिरीच्या झाडगावातल्या त्या घरात तेव्हापासून त्यांच्या शर्टाची बटणं कुसुम लावायची, बरणीची झाकणं कुसुम उघडायची, आणि पट्टीतली गोळी फोडून हातावर ठेवायची तीही कुसुमच.

कुसुम देवरुखची. माहेरी असताना बालवाडीत शिकवायची. रत्नागिरीत आल्यावरही दोन-तीन वर्षं तिने शिकवलं, मग सासूबाईंचं दुखणं आलं तेव्हा सोडलं ते कायमचं. पण बालवाडीतल्या बाईंची एक लकब तिच्या जिभेवर राहून गेली होती. लहान मुलांना सांगतात ना, ‘आता आपण हात धुवायचे, आता आपण डबा उघडायचा’, तशी ती सगळ्यांशी बोले. चिंतामणींना ती कधी ‘तुमचा संधिवात’ म्हणाली नाही. ‘आपला संधिवात’ म्हणायची. ‘आपली गोळी झाली का घेऊन?’ ‘आज आपले गुडघे काय म्हणतायत?’ कुणीतरी वांगं वातूळ म्हणून सांगितलं, तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत वाढपी आला की ती सांगे, ‘आपल्याला वांगं चालत नाही हो,’ आणि स्वतःच्या पानातही वाढू देत नसे. खरं तर भरली वांगी तिला फार आवडायची.

शेजारच्या गोदाकाकू एकदा कुंपणापलीकडून म्हणाल्या, “काय गो कुसुम, संधिवाताच्या सातबाऱ्यावर दोघांची नावं लावून घेतलीस वाटतं?”

“सामायिकच आहे हो,” कुसुम म्हणाली. “वाटण्या अजून झाल्या नाहीत.”

‘आपलं’ हा शब्द तिच्या तोंडी आणखीही एका तऱ्हेने यायचा. दुपारी स्वयंपाकघरातला आवाज थांबला की चिंतामणी कॉटवरून हाक मारत, “कुसुम, काय करतेस गं?” आतून उत्तर येई, “काही नाही. जरा आपलं बसल्ये.” त्यांचं समाधान होई. भांड्यांचा आवाजही थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई.

ज्या रुग्णालयात चिंतामणी दर दोन महिन्यांनी दाखवायला जात, तिथे एका वर्षी माघात एक संशोधन सुरू झालं. संधिवाताच्या माणसाला एवढा थकवा का येतो, हे त्यात पाहायचं होतं. तो दुखण्याचा थकवा असतो, की हालचाल कमी झाल्याने अंगातली ताकद जाते त्याचा, आणि रक्तातल्या कुठल्या खुणा त्याच्याबरोबर वरखाली होतात. त्यासाठी रुग्ण हवे होते, आणि तुलनेला त्याच वयाची, काही आजार नसलेली माणसंही हवी होती. रुग्ण तर बाकांवर रांगेने बसलेलेच होते. निरोगी माणसं मिळेनात. निरोगी माणूस रुग्णालयात कशाला येईल?

माहिती गोळा करायला दर्शना नावाची मुलगी होती, लांज्याकडची. चिंतामणींचं नाव रुग्णांमध्ये लिहून झाल्यावर तिची नजर शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या कुसुमकडे गेली.

“ओ काकू, तुम्हाला काही आजार? बीपी, शुगर, थायरॉईड?”

“मला कशाला असेल?”

“तपासलंयत कधी?”

“दुखल्याशिवाय कोण तपासतं गं?”

“मग तुम्ही चालाल आम्हाला.”

“चालेन की. कुठवर चालायचंय?”

रांगेतली माणसं हसली. दर्शनाही हसली, पण खरोखरच चालायचं होतं, हे तिने मग समजावून सांगितलं. कुसुमने चष्मा लावून संमतीचा कागद शेवटपर्यंत वाचला, त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दाखवली आणि सही केली. त्या कागदावर तिच्या नावापुढे छापलं होतं, ‘निरोगी गट’. ते तिने दोनदा वाचलं.

आधी दोघांचं रक्त घेतलं, शेजारीशेजारी खुर्च्यांवर बसवून. मग हाताची पकड मोजायचं यंत्र आलं. चिंतामणींनी दाबलं तेव्हा काटा जेमतेम हलला. कुसुमने दाबलं आणि दर्शना म्हणाली, “काकू, मोडाल हं आमचं.”

“रोज नारळ खवते गं,” कुसुम म्हणाली, पण चेहरा खुलला होता.

चालायची वेळ आली तेव्हा तिने पदर खोचला आणि पिशवी चिंतामणींच्या मांडीवर ठेवली. इतक्या वर्षांत ती पिशवी त्यांनी कधी धरली नव्हती. तिचं वजन त्यांना अनपेक्षित होतं. त्यांनी आत डोकावून पाहिलं. त्यांची फाइल, त्यांच्या गोळ्या, त्यांची शाल, पाण्याची बाटली, त्यांना मध्येच भूक लागली तर म्हणून राजगिऱ्याचे लाडू. तिचं स्वतःचं असं त्यात चष्म्याचं घर तेवढं होतं.

रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठरलेली मिनिटं संपेपर्यंत येरझारा घालायच्या होत्या. कुसुम झपझप निघाली. बाजारात जाताना चालते तशी, समोर पाहत. दोन-तीन फेऱ्यांनंतर पलीकडच्या टोकाला तिने भिंतीला हात लावला आणि थोडी थांबली.

“काय झालं काकू?”

“काही नाही, पदर अडकला.”

पदर तर खोचलेला होता. चिंतामणींनी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे विसरलेही.

शेवटी प्रश्न होते. दर्शना वाचायची, उत्तर द्यायचं. चिंतामणींचे आधीच होऊन गेले होते.

“गेल्या आठवड्यात आपल्याला थकवा जाणवला का?”

“जाणवला तर,” कुसुम म्हणाली. “मंगळवारी फारच. दुपारभर पडून होतो.”

“मंगळवारी नव्हे, बुधवारी,” चिंतामणी बाकावरून म्हणाले. “मंगळवारी वैदेहीचा फोन आला होता.”

“हो, बुधवारी. बुधवार लिही.”

“थकव्यामुळे आपली रोजची कामं अडली का?”

“नाही हो, कामं नाही अडत आपली. सगळी वेळेवर होतात.”

“जिना चढताना आपल्याला दम लागतो का?”

“दम नाही, गुडघा धरतो. उजवा.”

दर्शनाने पेन थांबवलं. “काकू, हे तुमचं चाललंय की काकांचं?”

“आपलंच की.”

“काकांचा कागद झाला ओ. हा तुमचा एकटीचा. ‘आपल्याला’ म्हणजे तुम्हाला.”

कुसुम गोंधळली. परीक्षेत दुसऱ्याच धड्यावरचा प्रश्न यावा तशी. तिने एकदा चिंतामणींकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. “माझं का? माझं काय असणार त्यात? मी निरोगीत ना? मग नाहीच लिही सगळ्याला.”

“असं नाही, काकू. खरं असेल ते सांगायचं.”

“खरंच सांगत्ये. मला कशाने थकवा येणार?”

दर्शनाने सगळीकडे ‘नाही’ लिहिलं. तिला दुसरं काही लिहिता येण्यासारखं नव्हतं.

त्यानंतरचा पंधरवडा कुसुम खुशीत होती. भाजीवालीला, पोस्टमनला, देवळात भेटलेल्या बायकांना तिने सांगितलं, “मला निरोगीत घेतलंन.” कुणी तिला आजवर कशात घेतलं होतं असं नव्हतं. चिंतामणी चहा गार झाला म्हणून कुरकुरले की ती म्हणे, “रुग्ण गट, गप्प बसा.” वैदेही, त्यांची मुलगी, पुण्याला असते. तिलाही फोनवर सांगून झालं. “आई, कौतुक आहे तुझं,” वैदेही म्हणाली, तर कुसुम म्हणाली, “अगं, कौतुक कसलं. आहे ते आहे.”

शिमग्याच्या तोंडावर दर्शनाचा फोन आला. कुसुमच्या रक्तात हिमोग्लोबिन बरंच कमी होतं आणि सूज दाखवणारा आकडा चढलेला होता. पुन्हा रक्त द्यायला या, डॉक्टरांनाही भेटा, असा निरोप होता. फोन चिंतामणींनी घेतला होता. त्यांनी ते कुसुमला सांगितलं.

“नापास केलंन म्हणजे,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “अहो, सूज तर आपल्याला असते. आपली रक्तं अदलाबदल झाली असतील. शेजारीच तर बसलो होतो.”

चिंतामणींना ते इतकं पटलं की त्यांना हायसं वाटलं. उभी हयात टपालात गेलेली. एका नावाचं पत्र दुसऱ्या खणात कसं पडतं, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. त्यांनी दर्शनाला उलट फोन लावला आणि चांगलं समजावून सांगितलं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असणार, माझे आकडे पाहा, ते चांगले आले असतील. दर्शना म्हणाली, “काका, तुमचेही वाढलेलेच आहेत ओ. तुम्ही या ना एकदा.”

“येऊ, येऊ. पालखी घरी येऊन जाऊ दे.”

ग्रामदैवताची पालखी दारी यायची म्हणजे कुसुमला हजार कामं. अंगण सारवायचं, रांगोळी, ओटीचा नारळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पन्हं. पालखीच्या दिवशी चिंतामणी ओटीवर खुर्चीत बसले होते. ढोलांचा आवाज वळणावर आला तरी कुसुम बाहेर येईना, म्हणून त्यांनी हाक मारली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, हातात निरांजन, डोकं चौकटीला टेकलेलं. चेहरा ताकासारखा पांढरा.

“काय गं?”

“काही नाही. जरा आपलं टेकल्ये.”

मग ती उठली, ओवाळलं, ओटी भरली, ढोलवाल्यांना पन्हं दिलं. रांगोळीचं कौतुकही झालं.

दुसऱ्यांदा रक्त दिलं ते त्यानंतर. या वेळी चिठ्ठी लावताना चिंतामणी स्वतः उठून उभे राहिले आणि नाव वाचून घेतलं. आकडे आधीपेक्षा वाईट आले. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, सोनोग्राफी झाली, मग वैदेही येऊन आईला पुण्याला घेऊन गेली. मोठ्या आतड्यात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, औषधं देऊन बघू, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. चिंतामणींनी फोनवर त्यांना विचारलं, शिमग्याच्या आधीच आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, एवढ्याने काही फरक पडला नसता. चिंतामणींनी वैदेहीकरवी तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर तेच आलं. ते त्यांच्या मनाला कधी पुरलं नाही.

औषधांच्या दोन फेऱ्यांनंतर कुसुम म्हणाली, मला घरी ने. वैदेही तिला घेऊन आली आणि काही दिवस राहिली. चिंतामणींनी मधल्या खोलीतली कॉट रिकामी केली होती, चादर बदलली होती. त्यांच्या हातांनी ती नीट ताणता आली नव्हती, एका कोपऱ्याला गोळाच झाला होता.

कुसुम दारातच थांबली. “हे काय? ही तुमची जागा.”

‘तुमची’ हा शब्द तिच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय नव्हती. “तू झोप गं. मी खाली गादी घालून घेतो.”

“खाली बसलात तर उठवणार कोण तुम्हाला?” मग ती थोडी हसली. “दोघांनी आजारी पडायला जागाच नाही हो या घरात.”

वैदेहीने गोदाकाकूंकडून दुसरी कॉट आणवली. खोलीत चालायला जागा उरली नाही, पण दोन्ही मावल्या.

त्याच दिवसांत दर्शना एकदा येऊन गेली. कामाचं काही नव्हतं. लांज्याला घरी गेली होती, तिथून कोकमं घेऊन आली. कुसुमने तिला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, “काय गं, मी आता कुठल्या गटात?”

दर्शना खाली पाहत म्हणाली, “आता तुम्ही अभ्यासात नाही, काकू. निरोगी गटात दुसरा आजार निघाला की नाव कमी करतात. आणि रुग्ण गट फक्त संधिवाताचा आहे.”

“म्हणजे याही नाही, त्याही नाही.”

“तसंच काहीसं.”

“असो. थोडे दिवस होत्ये, तेही काय कमी आहे?” कुसुम म्हणाली, आणि गोदाकाकूंना हाक मारून पोरीला चहा द्यायला सांगितलं.

वैदेही गेल्यावर दोघंच उरली. सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक करून जाई, पण संध्याकाळचा मऊ भात चिंतामणी करू लागले. कुसुम कॉटवरून सांगे. ‘आता आपण तांदूळ धुवायचे. आता आपण चिमूटभर मीठ घालायचं. झाकण फडक्याने धरायचं हं आपण.’ सुजलेल्या बोटांनी ते झाकण धरत. एकदा पातेलं हातातून सुटलं आणि सगळा भात ओट्यावर गेला. ते तिथेच उभे राहिले.

“राहू दे,” ती आतून म्हणाली. “मुंग्यांची पंगत झाली. आपण पोहे भिजवू.”

गणपती होऊन गेले, नवरात्र आलं. एका दुपारी ती नुसती छताकडे पाहत पडली होती. चिंतामणींनी विचारलं, “थकवा येतो का गं?”

प्रश्न विचारल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा त्या दर्शनाने विचारला होता. त्यांनी स्वतः आज विचारला.

कुसुमने पांघरुणाची कड सरळ केली. मग म्हणाली, “येतो.”

“केव्हापासून?”

“झाली वर्षं. आई होत्या ना, तेव्हासुद्धा यायचा. मग जायचा. हल्ली हल्ली जाईनासा झाला.”

“बोलली नाहीस कधी.”

“तुम्ही दमलेले असायचात. दोघांनी दमून कसं चालेल? भात कुणी लावायचा?”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने कूस बदलली. चिंतामणी मात्र त्या दुपारी कितीतरी वेळ हिशेब लावल्यासारखे बसून राहिले. ‘जरा आपलं बसल्ये.’ ‘जरा आपलं टेकल्ये.’ स्वयंपाकघरातला आवाज किती वेळा थांबला होता, आणि ‘काही नाही’ एवढं ऐकून त्यांनी किती वेळा वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं. आवाज थांबलेला त्यांना नेहमी ऐकू यायचा. म्हणून तर ते हाक मारायचे.

पौषात कुसुम गेली. शेवटचे दोन दिवस ती ग्लानीत होती. त्याआधी पुन्हा येऊन राहिलेल्या वैदेहीला एवढंच म्हणाली होती, “आपल्या गोळ्या डब्यात भरून ठेवल्यात, वारांप्रमाणे.” कुणाच्या, ते वैदेहीला विचारावं लागलं नाही.

वैदेहीने बाबांना पुण्याला चला म्हणून पुष्कळ विनवलं. ते म्हणाले, “बघू.” सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत, म्हणून तिने त्यांना गळ्यातून घालायचे चार सदरे आणून दिले आणि ती गेली.

शिमगा झाल्यावर दर्शनाचा फोन आला. वर्षाने पुन्हा तीच तपासणी करायची असते. बोलताना ती अडखळत होती. “जमेल का, काका? नाही म्हणालात तरी चालेल.”

“येतो ना,” चिंतामणी म्हणाले.

रिक्षाने गेले. पिशवी स्वतः भरली होती. फाइल, गोळ्या, पाण्याची बाटली. लाडू आणायचे राहिले. रक्त दिलं, यंत्र दाबलं. काटा गेल्या वर्षीपेक्षाही कमी हलला. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर दर्शनाने आपले कागद ठेवले होते. तिने ते उचलले आणि तिथे बसली.

“प्रश्न घेऊ?”

“घे.”

“गेल्या आठवड्यात तुम्हाला स्वतःला थकवा जाणवला का?”

चिंतामणींनी मान वर केली. “आधी ‘आपल्याला’ होतं.”

“हो, काका. बदलून घेतलं मी. काकूंनी तेव्हा...” ती थांबली. “बऱ्याच बायका तसंच करतात ओ. घरच्यांचं सांगतात. म्हणून सगळीकडे आता ‘तुम्हाला स्वतःला’ छापलंय.”

“बरं केलंत.”

दर्शना पेन धरून वाट पाहत राहिली. व्हरांड्यात कुणीतरी म्हातारी चालायची परीक्षा देत होती, तिच्या चपलांचा आवाज जवळ येऊन पुन्हा लांब गेला.

“गेल्या वर्षी तिने सगळ्याला ‘नाही’ सांगितलं होतं,” चिंतामणी म्हणाले. “ते बरोबर नव्हतं. तिला यायचा थकवा. खूप वर्षं यायचा. ते दुरुस्त करता येईल का?”

“त्यांचा कागदच आता अभ्यासात नाही, काका.”

“नाही ना?”

“नाही.”

“असू दे,” ते म्हणाले. पिशवी मांडीवर होती. तिचा बंद त्यांनी नीट केला, पुन्हा एकदा केला. “मग माझं लिही. येतो.”

दर्शनाने ‘हो’ लिहिलं.